यात्रेची शेवटची रात्र

बालमित्रांनो, तुम्हाला एक प्रश्न विचारते. आपण आगगाडीत बसून पाळण्याकडे जाणं चांगलं, की पाळण्याने ट्रकमध्ये बसून आपल्या गावाला येणं चांगलं?

हसू नका, प्रश्न अगदी खरा आहे! मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका सुरू झालं. इमॅजिकाची चित्रं बघून माझ्या वर्गातली मुलं दरवर्षी मागे लागतात, "बाई, आपली सहल तिकडेच न्या ना!" आता जळगाव-धुळ्याहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. गाडीभाडं, तिकिटं, जेवणखाण असा सगळा हिशेब फळ्यावर मांडला की पालक गप्प होतात आणि बाईही गप्प होतात. मग मी मुलांना सांगते, अरे, खानदेशात आपल्याला पाळण्यांकडे जावं लागत नाही. तेच आपल्याकडे येतात. नदीच्या वाळूत उभे राहतात, पोरांना पोटभर फिरवतात आणि पाऊस यायच्या आत निघून जातात.

म्हणजे, पाऊस यायच्या आत जायचं असं त्यांनी ठरवलेलं असतं. पाऊस कधी कधी ऐकत नाही! त्या गोष्टीकडे मी येणारच आहे. पण आधी आमच्या यात्रा तर बघून घ्या.

चैत्रात धुळ्याला पांझरा नदीकाठी एकवीरादेवीची यात्रा भरते. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा असते. सारंगखेडा आता नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण १ जुलै १९९८ला नंदुरबार वेगळा झाला त्याआधी ते धुळे जिल्ह्यातच होतं. तिथे देशभरातून घोडे विकायला येतात. पांढरे, काळे, तांबूस, पायात घुंगरू बांधून नाचणारेसुद्धा! जळगावला कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. ही प्रथा १८७२ सालापासूनची. एवढ्या अवजड लाकडी रथाला मोटारीसारखं स्टिअरिंग नसतं आणि ब्रेकही नसतो. मग तो वळतो कसा? तरबेज माणसं चालत्या चाकाखाली लाकडाची ‘मोगरी’ लावतात. तिच्यामुळे रथ थांबतो आणि तिच्यामुळेच वळतो. माणसांचे हात आणि चाक यांत वीतभर अंतर असतं. मला विचाराल तर आकाशपाळण्यापेक्षा तेच जास्त धाडसाचं काम आहे.

आणि मग वैशाखात येते अमळनेरची यात्रा. मला सर्वांत जवळची वाटते ती हीच.

अमळनेर जळगाव जिल्ह्यात, बोरी नदीच्या काठावर आहे. गाव तसं लहान, पण त्याच्या खिशात गोष्टी पुष्कळ! साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात इथल्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं-पांघरुणं स्वतः आवरणारे गुरुजी ते इथलेच. ‘श्यामची आई’ मात्र त्यांनी पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. तत्त्वज्ञान शिकवणारी संस्था इथे १९१६ साली निघाली. आज संगणकाच्या जगात नाव असलेली विप्रो कंपनी १९४५ साली अमळनेरला वनस्पती तूप बनवण्याच्या कारखान्यापासून सुरू झाली. आणि २०२४च्या फेब्रुवारीत मराठी साहित्य संमेलन, तेही सत्त्याण्णवावं, इथेच भरलं होतं.

पण म्हाताऱ्या माणसांना अमळनेर म्हटलं की आठवतात संत सखाराम महाराज. वारकरी संप्रदायातले मोठे संत. १८१८ साली ते समाधिस्थ झाले. त्यांची समाधी बोरी नदीच्या वाळवंटात आहे. पंढरपूरला चंद्रभागेचं वाळवंट आहे ना, तसंच हे. म्हणून लोक अमळनेरला प्रतिपंढरपूर म्हणतात. वैशाख शुद्ध एकादशीला, म्हणजे मोहिनी एकादशीला रथ निघतो आणि पौर्णिमेला पालखी. त्या दिवसांत नदीचं कोरडं पात्र माणसांनी भरून वाहतं. एरवी ज्या वाळूत शेरडं फिरतात तिथे भांड्यांची दुकानं, बांगड्यांची दुकानं, मसाल्याचे ढीग, गोडशेव आणि जिलबीच्या कढया! बायका वर्षाचा मसाला इथूनच भरतात. पोरांचं लक्ष अर्थातच पलीकडे असतं. तिथे पाळणे उभे असतात.

यात्रा सुरू होण्याच्या सुमारास खानदेशात आणखी एक मोठा सण येतो. आखाजी! पंचांगात त्याला अक्षय्य तृतीया म्हणतात. आखाजीला लेकी माहेरी येतात. घरोघरी आमरस आणि खापरावरचे मांडे होतात. आणि निंबाच्या, चिंचेच्या झाडांना दोर टाकून झोके बांधले जातात. आजी, आई, मावशी, सगळ्या झोक्यावर! आमच्या जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी आखाजीवर गाणं रचलं आहे, त्यातही झोका आहेच. शाळेत न गेलेल्या या बाईंचं नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला दिलं गेलं. तर सांगायचं काय, की खानदेशातल्या पोरीला झोक्याची भीती नसते. निदान मला नव्हती. त्या रात्रीपर्यंत तरी नव्हती.

आता पाळण्याविषयी थोडं. हा उंच पाळणा कोणी शोधून काढला असेल? पुष्कळ पुस्तकांत जॉर्ज फेरिस या अमेरिकन इंजिनिअरचं नाव सापडेल. पूल बांधणं हा त्यांचा धंदा. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी २६४ फूट उंचीचं चाक उभारलं. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसं. आता करा गुणाकार! एका वेळी २,१६० माणसं हवेत. आमच्या शाळेसारख्या कितीतरी शाळा त्यात मावतील.

पण फेरिस यांच्या कितीतरी आधी लाकडाचे, हाताने फिरवायचे पाळणे होतेच. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६२० साली आजच्या बल्गेरियातल्या एका गावी सणाच्या दिवशी असा पाळणा पाहिला आणि त्याचं वर्णन लिहून ठेवलं. चाक कसंही फिरलं तरी वर बसलेली मुलं सरळच राहतात, याचं त्याला नवल वाटलं. गंमत पुढेच आहे. हाच मंडी पुढे हिंदुस्थानात आला आणि १६३० साली सुरतेहून आग्र्याला जाताना नंदुरबार, बऱ्हाणपूर अशा आपल्याच तापीखोऱ्यातून गेला. पण तेव्हा त्याने इथे पाळणे पाहिले नाहीत. भयंकर दुष्काळ पडला होता आणि वाटेवर त्याला भुकेने मेलेली माणसं दिसत होती. एकाच माणसाच्या वहीत पाळणा आणि दुष्काळ दोन्ही आहेत. आपल्या नदीकडे बघताना हे कधी कधी मनात येतं.

असो. आता त्या रात्रीकडे येते.

मी पाचवीची परीक्षा दिली होती, म्हणजे पंचवीसएक वर्षं झाली. आमचं गाव अमळनेरपासून एस.टी.ने तासाभरावर. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, शेतकरी. यात्रा सुरू झाल्यापासून मी त्यांच्या मागे लागले होते आणि ते रोज म्हणत होते, "उद्या जाऊ." रथ झाला. पालखी झाली. शेजारच्या पोरी यात्रेतून पिपाण्या आणि रिबिनी घेऊन आल्या. नाना शेतातच. कांदा काढून झाला होता आणि शेतात त्याचा मोठा ढीग लागला होता. व्यापारी आज येतो, उद्या येतो, असं चाललं होतं. शेवटी कोणीतरी सांगितलं की पाळणेवाले उद्या मुक्काम हलवणार. आज शेवटची रात्र. मी जेवले नाही. रडले नाही, बरं का, फक्त जेवले नाही!

नानांनी आकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टोपी डोक्यावर ठेवली. "चाल," म्हणाले.

यात्रेची शेवटची रात्र तुम्ही पाहिली आहे का? ती पहिल्या रात्रीसारखी नसते. निम्मी दुकानं उठलेली असतात. भांडीवाले गवताच्या पेंढ्यात पातेली गुंडाळत असतात. खेळणीवाला दहाची वस्तू पाचला देतो, कारण परत न्यायची तर तीही ओझंच. गोडशेव मात्र शेवटच्या रात्री सगळ्यांत स्वस्त आणि थोडी मऊ! आम्ही पावशेर घेतली. नंतर ‘मौत का कुआँ’ पाहिला. लाकडी फळ्यांची मोठी विहीर, आणि तिच्या उभ्या भिंतीवरून फटफटी गरगर फिरते. ती खाली का पडत नाही? बादलीत थोडं पाणी घ्या आणि अंगणात उभं राहून बादली जोरात गोल फिरवा. ती डोक्यावर उलटी झाली तरी पाणी सांडत नाही. वेगामुळे पाणी बादलीच्या बुडाला दाबून राहतं, तशी फटफटी भिंतीला दाबून राहते. वेग कमी झाला की संपलं! (बादलीचा प्रयोग अंगणातच करा. घरात करून बघितलात तर आईला माझं नाव सांगू नका.)

मग आम्ही पाळण्याकडे आलो. बारा पाळण्यांचं चाक. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा. खाली डिझेलचं इंजिन धडधडत होतं आणि त्याच्यापासून चाकापर्यंत रबराचा लांब पट्टा. पाच रुपये तिकीट. गर्दी नव्हतीच, त्यामुळे बारापैकी सहाच पाळण्यांत माणसं बसली. पाळणेवाल्याने आम्हाला ६ नंबरमध्ये बसवलं आणि मग १२ नंबर खाली आणून तिथे दुसऱ्यांना बसवलं. मला वाटलं, हा वेडा आहे का? शेजारचे पाळणे सोडून कुठल्या कुठे का बसवतोय?

याचं उत्तर नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगते. एका कागदावर घड्याळाची तबकडी काढा. १२ आकडे म्हणजे १२ पाळणे. १२च्या समोर ६ येतो, १च्या समोर ७, २च्या समोर ८. समोरासमोर सारखं वजन असलं तर चाक तराजूसारखं समतोल राहतं आणि थोड्याशा जोराने फिरतं. सगळी माणसं एकाच बाजूला बसवली तर? ती बाजू धाडकन खाली! म्हणून पाळणेवाले माणसं बसवतात तीही जोडीने आणि उतरवतात तीही जोडीने. आमच्या चाकावर त्या रात्री १ आणि ७, २ आणि ८, ६ आणि १२ अशा तीन जोड्या होत्या.

पहिले चार-पाच फेरे फार छान झाले. वर गेलं की अमळनेरचे दिवे दिसायचे, समाधीच्या मंदिराचा कळस दिसायचा, खाली वाळूत माणसं मुंग्यांएवढी. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि रात्रीही वारा गरमच असतो. पण त्या वेळी एकदम गार वारा आला. मला बरं वाटलं. नानांना नाही वाटलं. ते म्हणाले, "पानी ई ऱ्हायना." आमच्या अहिराणीत याचा अर्थ, पाऊस येतोय.

गार वारा आला की पाऊस जवळ आला, हे नानांनी कसं ओळखलं? दिवसभर तापलेली हवा वर वर जाते आणि तिथे तिचे उंच काळे ढग बनतात. त्या ढगांतून पाऊस कोसळू लागला की त्याच्याबरोबर वरची थंड हवाही वेगाने खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पावसाच्या पुढे पळत येणारा तो निरोप्याच! वळवाच्या पावसाचं हे असंच असतं. आधी धुळीचा लोट, मग गार वारा, मग टपोरे थेंब.

वीज चमकली. नानांनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... पंधराला गडगडलं. प्रकाश आपल्याला लगेच दिसतो, पण आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. पंधरा भागिले तीन, वीज पाच किलोमीटरवर. हा हिशेब नानांना कोणी शाळेत शिकवला नव्हता. ते चौथीपर्यंत शिकले. शेतात एकट्याने काम करणाऱ्या माणसाला तो येतोच. (आता तज्ज्ञ सांगतात, चमकणं आणि गडगडणं यांत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल तर सरळ पक्क्या घरात जा. झाडाखाली नाही, पत्र्याच्या शेडखाली नाही. आणि लोखंडी पाळण्यावर तर नाहीच नाही!)

पाळणेवाल्यानेही ओळखलं होतं. तो इंजिन हळू करू लागला. पण तेवढ्यात थेंब आले, रबरी पट्टा भिजला आणि चाकावरून सटकू लागला. इंजिन धडधडतंय पण चाक हलत नाही. ओला हात साबणावरून घसरतो ना, तसं. चाक थांबलं तेव्हा १ नंबर जमिनीजवळ होता आणि आमचा ६ नंबर माथ्याजवळ.

आणि दिवे गेले.

मुलांनो, झोक्याला न भिणारी मी तेव्हा नानांच्या धोतराचा सोगा दोन्ही मुठींत धरून बसले. खाली बॅटऱ्या चमकत होत्या. पाळणेवाला हिंदीत ओरडत होता, "हिलना मत! कोई हिलना मत!" तो आणि त्याची तीन पोरं चाकाच्या लोखंडी दांड्यांना लोंबकळून हाताने चाक फिरवू लागली. १ नंबरची माणसं उतरली. २ आणि १२ नंबरवाले जमिनीपासून जवळच होते, ते ओरडायला लागले, "आम्हालाही उतरवा की!" पण त्याने ऐकलं नाही. अर्धं चाक फिरवून त्याने ७ नंबर खाली आणला. तराजू! १ रिकामा, मग ७ रिकामा. आता आम्हीही जमिनीजवळ आलो होतो. मी उभी राहायला लागले, तर नानांनी मला दाबून बसवलं. ८ नंबरमध्ये एक बाई तान्ह्या बाळाला पदराखाली घेऊन बसली होती. पाळणेवाल्याने आधी तिला उतरवलं. मग तिच्या समोरचा २ नंबर खाली आणायला हवा. म्हणजे आम्ही परत वर!

वीज चमकली. नाना मोजत होते. सहाला गडगडलं. सहा भागिले तीन किती, ते तुम्हीच करा.

२ रिकामा झाला. उरलो आम्ही आणि १२ नंबर. त्यात एक आजी होत्या, त्या मोठमोठ्याने विठ्ठल विठ्ठल म्हणत होत्या. त्या जमिनीच्या जवळ होत्या म्हणून त्यांना उतरवलं. आता सगळ्या चाकावर वजन फक्त आमचं, आणि तेही अगदी माथ्यावर. मला तेव्हा काही कळत नव्हतं, पण नानांना कळलं असणार. चाक आपणहून खाली यायला बघत होतं आणि ती चार माणसं आता त्याला ढकलत नव्हती, तर मागे ओढून धरत होती. ओल्या लोखंडाला, चिखलात पाय रोवून. नाना माझ्या कानाशी म्हणाले, "काही नही व्हत, मी शे ना!" काही होत नाही, मी आहे ना. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो थरथरत होता. थंडीने असेल.

आम्ही उतरलो. पाळणेवाल्याचा तळहात सोलून निघाला होता. नानांनी त्याला दहा रुपये देऊ केले, त्याने घेतले नाहीत. उलट आमच्या तिकिटाचे दहा रुपये परत द्यायला लागला, ते नानांनी घेतले नाहीत. अशा पावसात दोन माणसं पैसे नको नको म्हणत उभी! शेवटी तो म्हणाला, "चाचा, नदी में मत रुको." म्हणजे वाळवंटात थांबू नका.

खरंच, पाऊस वरच्या अंगाला पडला की कोरड्या नदीत केव्हा पाणी येईल सांगता येत नाही. आपल्या डोक्यावर थेंबही नसताना येऊ शकतं. दुकानदारांना ते माहीत होतं. गॅसबत्तीच्या उजेडात सगळे आपापला माल डोक्यावर घेऊन काठावर चढत होते. कोणी कोणाचं उचलत होतं हे बघायलाही वेळ नव्हता. एका बांगडीवाल्या मावशीची पेटी नानांनी घेतली आणि माझ्या हातात तिचा कंदील दिला. गोडशेव कुठे पडली, कोण जाणे.

शेवटची एस.टी. निघून गेली होती. आम्ही रात्रभर एस.टी. स्टँडच्या बाकावर बसलो. नानांनी मला त्यांच्या ओल्या उपरण्यात गुंडाळलं आणि ते पावसाकडे बघत बसले. पाऊस मधेच थांबायचा, परत यायचा. मी विचारलं, "नाना, झोप येत नाही का?" ते म्हणाले, "तू झोप."

उजाडल्यावर आम्ही नदीवर गेलो. वाळवंटाच्या मधोमध तांबड्या पाण्याची एक धार वाहत होती, फार नाही, गुडघाभर. जिलबीवाल्याची चूल तिच्यात होती. आणि पलीकडे पाळणेवाले पाळणा उतरवत होते! मी तो कधी उतरवताना पाहिला नव्हता. आधी पाळणे काढतात, तेही जोडीजोडीनेच, १ मग ७, २ मग ८. मग कडेच्या दांड्या, मग आरे, आणि सगळ्यांत शेवटी मधला जाड आस. प्रत्येक दांडीवर रंगाने आकडा लिहिलेला असतो, म्हणजे पुढच्या गावी जोडताना चूक होत नाही. हाताला फडकं बांधलेला तो पाळणेवाला आकडे मोठ्याने वाचत होता आणि त्याचा माझ्याएवढा मुलगा वहीत खुणा करत होता. माझ्याकडे बघून तो मुलगा हसला आणि ६ नंबरच्या पाळण्यावर थाप मारून दाखवली. तो काय शाळेत जात असेल? दर महिन्याला नवं गाव, नवी नदी. शिक्षिका झाल्यापासून मी यात्रेत अशा मुलांना हमखास विचारते. काहींची नावं गावाकडच्या शाळेत असतात, आणि पावसाळ्यात यात्रा बंद असतात तेवढे महिने ती वर्गात दिसतात.

आम्ही सकाळच्या गाडीने घरी आलो. आमचा कांदा रात्रभर उघड्यावर होता. आई आणि काका शेतात गेले होते, मिळेल ते गोणपाट, सतरंज्या, साड्या टाकून त्यांनी अर्धा ढीग झाकला होता. अर्धा भिजला. भिजलेला कांदा टिकत नाही, दोन-चार दिवसांत सडायला लागतो, त्यामुळे येईल त्या भावाला तो विकावा लागला. त्या रात्री नाना घरी असते तर सगळा झाकता आला असता का? आई म्हणते, आला असता. नाना म्हणतात, एवढ्या वाऱ्यात कोणाच्यानेही झाकला गेला नसता. पंचवीस वर्षं झाली, त्यांचं यावर अजून एकमत नाही. मला मात्र कांद्याचं हे नानांनी कधी सांगितलं नाही. आईने सांगितलं, तेही मी डी.एड.ला गेल्यावर.

आता पाळण्यांना विजेच्या मोटारी असतात आणि दिवे रंग बदलतात. माझी लेक तिसरीत आहे. तिला पाळणा आवडतो, आणि तिच्या आजोबांना तिच्याबरोबर पाळण्यात बसायला आवडतं! पाळण्यात बसण्याआधी ते आकाश बघतात, मग पाळणेवाल्याच्या हाताकडे बघतात आणि मग समोरच्या पाळण्यात कोणी बसलं आहे का, ते बघतात.

तुम्हाला यायचं असेल तर अमळनेर सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे आणि धुळ्याहून, जळगावहून एस.टी. गाड्या आहेत. आखाजी झाली की तयारीला लागा. एकादशीला रथ बघा, पौर्णिमेला पालखी. उन्हाचं डोकं झाका, पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि पाळण्यात बसवताना पाळणेवाल्याने तुम्हाला शेजारचा पाळणा सोडून पलीकडचा दिला तर भांडू नका. घड्याळाची तबकडी आठवा आणि तुमच्या समोर कोणता आकडा आला ते त्याला सांगा. तो खूश होईल. एकदा मी सांगितला, तर त्याने मला विचारलं, "ताई, तुमचाही पाळणा आहे का?"